सहा महिन्यांची मुदत

"काकू, हा अर्ज मला घेता येणार नाही," नगरकचेरीच्या खिडकीमागचा कारकून म्हणाला आणि त्याने कागद हलकेच तिच्याकडे सरकवला.

सुमिएने कागद पुन्हा खिडकीत सरकवला. काडीमोडाचा अर्ज होता तो. दोघांच्या सह्या, सहीशेजारी उमटवायचे दोघांच्या नावांचे कोरीव ठसे आणि दोन साक्षीदार एवढं असलं की लग्न मोडतं. ना वकील लागतो, ना कोर्टाची पायरी चढावी लागते. नवऱ्याची सही तिने स्वतःच केली होती. हिसानोरीचं ठसे कोरायचं दुकान. तिथल्या पावत्या तीस वर्षं तीच त्याच्या नावाने लिहीत आली होती, त्यामुळे त्याचं अक्षर तिच्या हातात बसलेलं. ठसा तर खुद्द त्याचाच. काल तो जेवून लवंडला तेव्हा तिने खणातून काढून उमटवला होता.

"सहीत काही चुकलंय का?"

"छे, सही चोख आहे." कारकुनाने आवाज खाली आणला. "पण तुमच्या यजमानांनी, ओकुदासाहेबांनी, लिहून दिलंय ना, बायकोने काडीमोडाचा कागद आणला तर घेऊ नका म्हणून. तशी सोय आहे आमच्याकडे."

तिने पिशवी जवळ ओढली. पिशवीत एक चाळीसच्या गाडीचं तिकीट होतं. तोयामाच्या स्टेशनावर इवासे तिची वाट बघणार होता.

इवासे हा औषधवाला. वसंतात एकदा, शरदात एकदा घरोघर यायचा, घरात ठेवलेली औषधांची पेटी उघडून संपलेल्या पुड्या भरून द्यायचा. ओकुदांच्या घरी पेटी भरायला त्याला अख्खी दुपार लागायची. नऊ वर्षं पाळणा हलला नव्हता, तो असल्याच एका वसंतानंतर हलला. पुढे इवासे येताना पोरासाठी कागदी फुगे आणू लागला. संध्याकाळी हिसानोरी ते फुगवून दाइगोबरोबर खेळत बसे, आणि ते बघून सुमिएला नवऱ्याची कीव येई. किती सहज फसतो हा माणूस, असं तिला वाटे.

आता दाइगो साप्पोरोला नोकरीला लागला होता. इवासेची बायको मागच्या वर्षी वारली. त्याने फोनवर सांगितलं, "ये, पण कागद करून ये. या वयात लोकांची बायको घरात ठेवून गावात तोंड कसं दाखवू?" सुमिएला ते पटलं होतं. इतकी वर्षं चोरून जगली, निदान शेवटची चार तरी उजळ माथ्याने काढावीत, एवढंच तिला हवं होतं. नवऱ्याकडे मागायची सोय नव्हती. वकिलाकडे जावं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण म्हणजे दाइगो. म्हणून ही खोटी सही.

"कधी दिलंय लिहून?" तिने विचारलं.

"ताजं म्हणाल तर एप्रिलात. मुदत सहाच महिन्यांची असते हो. ती संपायच्या आत साहेब हजर. वसंतात एकदा, शरदात एकदा. मी इथे चिकटलो त्याच्या आधीपासून." कारकुनाला बोलायची हौस होती. "एकदा ताप अंगात घेऊन आले होते. म्हटलं, घरी पडा ना, उद्या या. तर म्हणाले, आजच यायला हवं."

"आणि अगदी पहिल्यांदा?"

त्याने जुनी वही काढली, बोट फिरवलं. "नोव्हेंबर. सव्वीस वर्षं झाली."

त्या नोव्हेंबरात तिला सहावा महिना होता. इवासे आला होता. त्याची पेटी दारात दिसताच हिसानोरीने कोट चढवला होता, ठसा खिशात टाकला होता आणि म्हणाला होता, "नगरकचेरीत जाऊन येतो. वेळ लागेल." त्यानंतर दर खेपेला तेच. तो गल्लीच्या टोकाला वळला की ती दोघं हसायची. इवासे म्हणायचा, "तुझ्या नवऱ्याइतका समजूतदार माणूस मी पाहिला नाही."

सुमिएने अर्ज पिशवीत घातला. तिला संताप आला होता आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, दोन्ही एकदमच. ती स्टेशनाकडे वळली नाही.

हिसानोरी दुकानात खाली मान घालून कुणाचं तरी नाव कोरत होता. साठीतही त्याचा हात कापत नसे. तिने दार सरकवलं तरी त्याने वर पाहिलं नाही.

"घेतला नाही ना?" तो म्हणाला.

ती उंबऱ्यावरच बसली. पायातले जोडे काढायचंही तिला सुचेना.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "सगळं माहीत होतं. दाइगोचंसुद्धा."

"चहा ठेवतेस?"

"अहो, सव्वीस वर्षं. मारायचं होतंत, हाकलून द्यायचं होतंत. निदान एकदा तोंड उघडून विचारायचं तरी."

हिसानोरीने ठशावरचा भुसा फुंकला. मग पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. त्याचा आवाज चढला नव्हता. गिऱ्हाइकाशी बोलावं तसा तो बोलला.

"विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस. आणि सुटली असतीस."