रविवारच्या आधीची सफाई

“रविवारी मुलगी बघायला जायचंय. मी मिश्री लावते हे घरात कुणालाच ठाऊक नाही,” खुर्चीतल्या बाई कुजबुजल्या.

बसवनगुडीच्या त्या दवाखान्यात दातांची सफाई करणारी कस्तुरी मास्कमागून आपल्या कानडी ढंगात म्हणाली, “कळणारही नाही, अक्का. स्वल्प मोठा आ करा.”

रविवारी पाहुणे आले ते कस्तुरीलाच बघायला. मुलाच्या आईचे दात तिने लगेच ओळखले.

मुलाचे काका म्हणाले, “लोकांच्या तोंडात हात घालायची ही नोकरी लग्नानंतर सोडावी लागेल.”

उप्पिटाची बशी मुलाच्या आईपुढे करत कस्तुरी म्हणाली, “अक्का, स्वल्प घ्या.”

आवाज ऐकताच मुलाच्या आईचा हात तोंडावर गेला. सांगणार नाही, अशी कस्तुरीने हळूच मान हलवली, तसा त्यांचा जीव भांड्यात पडला.

“नोकरी कशाला सोडायची, भाऊजी?” त्या म्हणाल्या. “पोरीचा हात फार हलका आहे.”