डावीकडचा मॉनिटर

"वहिनी, कार्ड खाचेत नीट बसलंय ना? टक् असा आवाज आला होता?"

नणंदेचा आवाज टेबलावरच्या फोनमधून येत होता. वहिनी टेबलाखाली, उघड्या संगणकापुढे मांडी घालून बसली होती. हातात शिवणयंत्राचा स्क्रू ड्रायव्हर. आयुष्यभर तिने लोकांचे कपडे बेतले होते. संगणकाच्या पोटात डोकावायची ही पहिलीच वेळ. पण गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, आणि तिची गरज मोठी होती.

"आला होता. दोनदा काढलं, दोनदा बसवलं."

नणंदेचं दुसऱ्या शहरात संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. हे दुसरं व्हिडिओ कार्ड तिनेच पाठवलं होतं. आधीच्या कार्डाला दोनच मॉनिटर जोडता यायचे आणि ते दोन्ही टेबलावर होतेच. वहिनीला तिसरा हवा होता. तो डावीकडेच हवा होता.

कारण तिच्या नवऱ्याची डावी बाजू हरवली होती. चार महिन्यांपूर्वी त्याच्या मेंदूत गुठळी झाली. हातापायांत ताकद परत आली. डोळे तपासले, त्यांत काही दोष नव्हता. पण डावीकडेही जग असतं, हेच मेंदू विसरून गेला. तो अर्धीच दाढी करायचा. ताटातलं डावीकडचं सगळं तसंच ठेवून "आज कमी वाढलंस" म्हणायचा. तिने ताट फिरवलं की उरलेलं मुकाट्याने जेवायचा. आपल्याला काही झालंय, हे मात्र त्याला अजिबात मान्य नव्हतं.

नकाशे काढण्यात त्याचा हात धरणारं ऑफिसात कोणी नव्हतं. साहेबांनी घरी बसून करायला एक काम दिलं. त्याने शहराचा नकाशा काढला, तो नदीपर्यंत. गल्ल्या, शाळा, पाण्याच्या टाक्या, सगळं जिथल्या तिथे. नदीच्या डावीकडे कोरं.

"पलीकडचं शहर कुठाय?" तिने विचारलं.

"पलीकडे काही नाहीच," तो म्हणाला.

त्या दिवशी ती घाबरली. डॉक्टर म्हणाले, त्यांना जे जीव की प्राण असेल ते डावीकडे ठेवा. मान एकदा आपणहून वळली की पुढचं सोपं आहे. पण ती आपणहून वळायला हवी. तिने रेडिओ डावीकडे ठेवला. मग स्वतःच त्याच्या डाव्या हाताला खुर्ची टाकून बसू लागली. तो हातभर अंतरावरच्या बायकोला सोडून उजवीकडच्या दाराकडे बघत हाक मारायचा, "अगं, कुठे गेलीस?" दोन दिवस तिने ते सहन केलं, तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन रडली. रडून झाल्यावर तिला सुचलं की हा माणूस बायकोपेक्षा नकाशाकडेच जास्त बघत आलाय. तीस वर्षांचा अनुभव होता तिचा. तेव्हा नकाशाच डावीकडे न्यायचा.

"सेटिंगमध्ये किती चौकोन दिसतात?" नणंदेने विचारलं.

"तीन. तिसरा उजवीकडे आला होता. तू सांगितलंस तसा ओढून डावीकडे नेला."

"आणि टेबलावर?"

"दोन चालू. डावीकडचा काळा ठिक्कर."

"संगणकाला तिसरा दिसतोय, म्हणजे केबल ठीक आहे. बटणं सगळी लावलीस ना?"

"बटणं मला शिकवतेस? मशीनवर जन्म गेला माझा!"

"मग कार्डच खराब निघालं गं, वहिनी. काढ ते. दुसरं पाठवते, पण आठवडा लागेल."

आठवडा. इतका वेळ धरलेला तिचा धीर सुटला. दोन दिवसांचा खटाटोप, खरचटलेली बोटं, सगळं पाण्यात. टेबलापाशी खुर्चीत नवरा निवांत नकाशा उघडून बसला होता. घरात कशासाठी एवढी धडपड चाललीय, याचा त्याला पत्ताच नव्हता.

"अहो, संगणक बंद करायचाय," ती खालूनच म्हणाली. "तुमचं काय असेल ते सेव्ह करा."

"करतो. अरेच्चा, हा बाण कुठे गेला?"

तिने लक्ष दिलं नाही. चष्मा, कप, बायको, रोज काही ना काही हरवायचंच त्याचं.

"काठापर्यंत होता. पुढे निघून गेला." माउस टेबलावर घासल्याचा आवाज आला. "हा आला परत. आणि हा... गेला! असा कसा जाईल?"

खुर्ची करकरली. माउस थांबला.

"काखेत कळसा नि गावाला वळसा!" तो एकदम वैतागून म्हणाला. "कार्ड कसलं काढतेस? मॉनिटरचा दिवाच लागलेला नाही. बटणं सगळी बंद केलीस नि लावताना एक विसरलीस. ते काय, भिंतीवर."

वहिनी टेबलाखालून घाईघाईने बाहेर आली. येताना डोकं आपटलं, पण तिला ते जाणवलंही नाही.

"कुठल्या मॉनिटरचा, हो?" तिने विचारलं.

"अगं, डावीकडच्या!" तो म्हणाला. "दिसत नाही का तुला?"