गरम डिस्कवर गार पाणी

"ब्रेक मारला की गाडी धक्के देते काका. पायालासुद्धा जाणवतं," निकेत म्हणाला.

सुभाषने जॅक लावला, पुढचं चाक काढलं आणि ब्रेकची डिस्क हाताने फिरवून बघितली. वाकली होती. वर निळसर डाग.

गाडी पांढरी होती, आणि हल्ली पांढरी गाडी दिसली की सुभाषचं कामातलं लक्ष उडायचं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी घोडबंदर रोडवर त्याच्या संचिताला कुणीतरी उडवलं आणि पळून गेलं. पोरीचा पाय पार चेचला. फळवाल्याला तिथून सुसाट निघालेली एक पांढरी गाडी तेवढी दिसली. तिला दवाखान्यात आणणाराही नाव न सांगता गेला होता. कुणी रिक्षावाला असेल, असं घरच्यांनी धरलं. कधी भेटलाच तर त्याला द्यायला गिरिजाने, सुभाषच्या बायकोने, टॉवेल, टोपी आणि नारळ आणून ठेवला होता. सुभाषला मात्र तो पळालेला हवा होता. हाटकेशच्या त्याच्या गॅरेजात आलेली प्रत्येक पांढरी गाडी तो वाकून वाकून बघायचा.

"कधीपासून होतंय हे?"

"दसऱ्यापासून."

"गाडी जोरात मारून लगेच धुतली होती का? तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं की ती अशी वाकते."

निकेत गडबडला. "दसऱ्याच्या आदल्या दिवशी धुतली होती. पूजेसाठी... सगळेच धुतात ना."

"आल्या आल्या?"

"हो. जरा घाण झाली होती."

सुभाषचा पाना हातातच राहिला. पूजेसाठी गाडी धुणारा माणूस निवांत धुतो. बंपरवर साधा ओरखडा नव्हता, पण बंपर काय, बदलून मिळतो. मागच्या सीटलाही कोरं करकरीत कव्हर घातलं होतं. पैसेवाला दिसतोय मेला!

मग निकेतनेच खाली बघत विषय काढला. "काका, तुमची मुलगी... बरी आहे ना आता?"

"तुम्हाला काय माहीत?"

"कळलं होतं. पोलिसांचं लफडं नको म्हणून माणूस गप्प बसतो हो. पण झोप लागत नाही."

सुभाषच्या डोक्यात तिडीक गेली. हाच तो. तिथल्या तिथे याच्या टाळक्यात पाना घालावा असं वाटलं त्याला. पण तो कसनुसा हसला.

"चालेल हळूहळू. तुम्ही समोर चहा घेऊन या, वेळ लागेल. इथून कुठे जाणार?"

"ठाण्याला. गायमुखच्या घाटातून, रोजचाच रस्ता."

"असं होय!"

संचितालाही दुपारी ठाण्याच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. सुभाषने गिरिजाला फोन करून सांगितलं, मला जमत नाही, तुम्ही दोघी रिक्षाने जा.

डिस्क त्याने चोख बदलली. मग गाडीखाली सरकून ब्रेकच्या नळीचा नट ढिला केला. गल्लीत काही कळणार नव्हतं. पण ब्रेकचं तेल थेंबथेंब गळून घाटाच्या उतारावर ब्रेक लागणारच नव्हता. महिन्याभरात पहिल्यांदाच त्याला बरं वाटलं.

निकेत परत आला, एक फेरी मारून खूश झाला. "एकदम मख्खन काका! धक्का नावाला नाही."

"आता कधीच देणार नाही."

"काका, एक बोलायचं होतं..."

"पुन्हा कधीतरी. कामं पडलीत."

गाडी गेली. सुभाषने साबणाने हात धुतले, तासाभराने भजी मागवली आणि चवीने खाल्ली. हात पुसतोय तोच गिरिजाचा फोन आला. ती रडत होती आणि हसतही होती.

"अहो, तो रिक्षावाला नव्हताच! निकेत म्हणून आहेत. समोरच्या चहावाल्याकडून पत्ता घेऊन घरी आले. संचिताने आवाजावरून ओळखलं बघा! त्या दिवशी उडवणारा पळाल्यावर हिला मागच्या सीटवर घालून, सुसाट गाडी मारत यांनीच दवाखान्यात नेलं. ही वाटेत अर्धवट शुद्धीत 'पप्पांचं हाटकेशला गॅरेज' म्हणत होती, तेवढ्यावरून शोधत आले. तुमच्याशी बोलायची छातीच झाली नाही त्यांची. मी टॉवेल-टोपी दिली, नारळ दिला."

"गिरिजा, तू कुठे आहेस?"

"त्यांच्याच गाडीत. ठाण्यालाच चाललेत, म्हणाले सोडतो. संचिताला पुढे बसवलंय, पाय लांब करता येतो म्हणून."

"गिरिजा, गाडी..."

"हॅलो? आवाज तुटतोय हो तुमचा. उतार लागला बघा. ठेवते!"