ऐकत नाही

"आधी नवनीतराव दोन मिनिटं बोलतील. दीपमालाताई, तुम्ही मध्ये बोलायचं नाही, फक्त ऐकायचं. मग जे ऐकलं ते आपल्या शब्दांत सांगायचं. सुरुवात 'मला असं ऐकू आलं की' इथून करायची," पुण्याच्या मॅडम मोबाइलमधून म्हणाल्या.

कोरीट गावातल्या घरात तो मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला होता. समोर दीपमाला, मागे भिंतीशी तिची आई गजराबाई. पडद्याच्या अर्ध्या भागात मॅडम आणि उरलेल्या अर्ध्यात दीपमालाचा नवरा नवनीत, शहाद्याच्या घरी इस्त्रीचा शर्ट घालून बसलेला. तीन महिन्यांपूर्वी दीपमाला माहेरी आली आणि तिनं पोलिसांत तक्रार दिली. तिथल्या साहेबांनी सांगितलं, आधी तीन वेळा ऑनलाइन समुपदेशन करा, मग बघू. हे तिसरं. मॅडमनी अहवालात 'समझोता' लिहिलं की तक्रार तिथेच गुंडाळली जाणार, आणि रविवारी नवनीत गाडी घेऊन तिला न्यायला येणार. दीपमालाला जायचं नव्हतं. पण तिला काय हवंय हे विचारणारा रकाना मॅडमच्या फॉर्ममध्ये नसावा.

नवनीत पतपेढीत कारकून. बोलायला गोड, आणि मॅडमपुढे तर साखरेत घोळूनच आलेला.

"माझी फार अपेक्षा नाही, मॅडम. दिवसभर दमून घरी येतो, घरात शांतता असावी एवढंच. पण दीपमाला माझं ऐकत नाही. तिनं माझं ऐकावं, बस."

शब्द तुटत तुटत येत होते. दीपमालानं मान वळवून उजवा कान फोनजवळ नेला.

"दीपमालाताई, इकडे कॅमेऱ्याकडे बघा," मॅडम म्हणाल्या. "समोरचा बोलत असताना मान फिरवणं म्हणजे त्याला नाकारणं. नवनीतराव म्हणतात ते मला आत्ता प्रत्यक्ष दिसतंय. तुम्ही ऐकत नाही."

मॅडमना फिरवलेली मान दिसली, पुढे केलेला कान दिसला नाही. गजराबाईच्या अंगाची लाही लाही झाली.

"ती आयकाकरताच मान फिराई ऱ्हायनी, मॅडम. तिना डावा कान गया."

"मागून कोण बोलतंय? आईंनी मध्ये पडू नये. हे सत्र फक्त दोघांचं आहे."

"मॅडम, ह्या कानाचंच मी पहिल्या वेळी सांगत होते," दीपमाला म्हणाली.

"मागचं उगाळायचं नाही, हे आपलं ठरलंय."

कुणाचं ठरलं होतं, देव जाणे. ज्यानं मारलं त्याला मागचं नकोच असतं. त्यात मॅडमचं काय जात होतं? त्यांना तीन सत्रं संपवून पुढचं जोडपं घ्यायचं होतं.

"नवनीतरावांचं तुम्ही ऐकलंच नाही, ते सांगायचं राहू द्या. आता तुमची दोन मिनिटं," मॅडम घड्याळाकडे बघत म्हणाल्या. "ह्या वेळात नवनीतराव मध्ये बोलणार नाहीत."

"तुम्हीपण नाही ना, मॅडम?"

"मीपण नाही."

दीपमाला सावरून बसली. बारावीपर्यंतची शाळेतली मराठी आठवून आठवून, एकेक शब्द नीट ठेवत ती बोलली.

"दिवाळीच्या आदल्या दिवशी मी मिक्सरवर चटणी वाटत होते. तुम्ही पाणी मागितलं. मिक्सरच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. म्हणून तुम्ही माझ्या डाव्या कानावर मारलं. पडदा फाटला. डॉक्टरांचा कागद माझ्याकडे आहे. आता त्या कानानं मला ऐकू येत नाही. मला परत यायचं नाही."

अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. मॅडमनी पाण्याचा घोट घेतला.

"नवनीतराव, आता तुम्ही. मला असं ऐकू आलं की..."

नवनीतनं शर्टाची कॉलर सारखी केली.

"मॅडम, आवाज तुटत होता. कोरीटला नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे. मला काहीच ऐकू आलं नाही."

मॅडमना जरा सुटल्यासारखं झालं, ते पडद्यावरही लपलं नाही. "हरकत नाही. तांत्रिक अडचण आहे. पायरी पूर्ण झाली असं धरूया. दोघं बोललात हेच महत्त्वाचं. मी अहवालात 'संवाद सुरू, समझोत्याची शक्यता' असं लिहिते."

"नका धरू," दीपमाला म्हणाली. "त्यांना ऐकू आलं नाही ना? परत सांगते."

ती मोबाइल उचलून बाहेर ओट्यावर गेली. ओट्यावर नेटवर्क पूर्ण येतं, हे अख्ख्या आळीला ठाऊक होतं. खाली अंगणात चार-पाच बाया लाल मिरचीचे देठ खुडत बसल्या होत्या. दीपमालानं फोन तोंडासमोर धरला. आता तिनं शाळेची मराठी बाजूला ठेवली, आणि नवऱ्याला 'तुम्ही' म्हणणंही.

"तू पानी मांगं. मिक्सर चालू व्हतं, माले आयकू नही उनं. म्हनीसन तू मन्हा कान फोडी टाका. मी परत येवाव नही. आते सांग, काय आयकू उनं तुले?"

बायांचे हात थांबले. नवनीत पडद्यावर होता, नेटवर्कच्या पाचही दांड्या भरलेल्या होत्या, आणि तो शर्टाच्या बटणाकडे बघत होता.

शेजारची सिंधुबाई गुडघ्यावर हात टेकत उठली. लुगड्याला हात पुसत ओट्याजवळ आली आणि दीपमालाच्या हातातल्या फोनवर वाकली.

"तो पानी मांगना, हिले आयकू नही उनं, म्हनीसन हिना कान फोडा. ती जावाव नही. आम्हले समदासले आयकू उनं, मॅडम," ती शांतपणे म्हणाली. "लिखी ल्या."