दुसऱ्या टप्प्याचा डबा

"हा नाही मिळायचा, वहिनी." निकेतने काउंटरवरचा डबा मागे ओढला. "दुसऱ्या टप्प्याची दुधाची पावडर आहे ही. सहा महिने पूर्ण झाल्यावरची. तुमचं बाळ साडेचार महिन्यांचं."

मृणालीच्या कडेवर देवू भुकेने किंचाळत होता. हाताला लागेल ते तोंडात घालत होता. चौलच्या त्या औषधांच्या दुकानात पाच-सहा माणसं खोळंबली होती. शेजारी तिच्या सासूबाई, म्हणजे वेणूबाई, ओठ घट्ट मिटून उभ्या होत्या.

"डॉक्टरांनी लिहून दिलाय," मृणाली म्हणाली.

"चुकून लिहिला असेल. पहिला डबा जन्मापासून सहा महिन्यांपर्यंत, दुसरा त्यानंतर, तिसरा वर्षानंतर. घाई केली तर तान्ह्या पोटाला झेपत नाही. नोव्हेंबरात बारशाचे पेढे खाल्लेत मी. मोजा की!"

मोजा म्हणे! मृणालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मोजायचंच तर खरं मोजा ना. देवू सात महिन्यांचा होता. घरी आला तेव्हाच अडीच महिन्यांचा होता. रीतसर कागदांवर सह्या करून दत्तक घेतलेला, आणि चोरीच्या मालासारखा लपवलेला. सुनेला दिवस गेलेत असं गावात सांगून वेणूबाईंनी तिला चार महिने पनवेलला आपल्या भावाकडे ठेवलं. पोर घेऊन ती परतली आणि आठवड्याच्या आत बारसं उरकलं. का, तर लोक काय म्हणतील! नवरा हितेश, त्याची तर आईपुढे ब्र काढायची हिंमत नाही.

बरं, खोटं बोललात ते बोललात. आता ते खोटं पोराच्या पोटावर आलं होतं. डॉक्टरीणबाई महिन्यापूर्वीच ओरडल्या होत्या. वजन वाढत नाहीये, नुसत्या दुधावर भागणार नाही, पावडर पुढची द्या, मऊ भात द्या, नाचणीची पेज द्या. देणार कशी? ओटीवर दिवसभर सुपाऱ्या सोलायला बायका. साडेचार महिन्यांच्या पोराला भात भरवताना कुणी पाहिलं तर? "उष्टावण रीतीने होईल, सहा महिने झाल्यावर," असा वेणूबाईंचा हुकूम. त्यांच्या हिशेबाने झाल्यावर, देवूच्या नव्हे. पोर रोज ताटावर झेप घ्यायचं आणि मृणाली त्याला उचलून आतल्या खोलीत पळायची. लाज वाटायची तिला. त्याहून जास्त संताप यायचा.

"पहिलाच दे रे, निकेत," वेणूबाई म्हणाल्या. "हिला काही कळत नाही."

"मला कळत नाही?" मृणालीने निकेतच्या हातातला डबा हिसकावला. "सात महिन्यांचा आहे हा! मी नाही जन्म दिला त्याला. दत्तक आहे. ऐकलंत सगळ्यांनी? आता करा याचं बिल!"

रांगेतल्या माना वळल्या. वेणूबाईंनी पदर तोंडाशी धरला.

"घालवलीस अब्रू," त्या पुटपुटल्या.

रांगेत मागे केसर होती. वेणूबाईंच्या ओटीवर वीस वर्षं सुपाऱ्या सोलणारी बाई. तिच्या तोंडातून गोष्ट निघाली की संध्याकाळपर्यंत आख्ख्या गावात. ती माणसं बाजूला सारत पुढे आली. मृणालीने मान ताठ केली.

"बोल, काय बोलायचंय ते बोल."

"काय बोलू? बारा दिसांचं पोर म्हणून माझ्या मांडीवर दिलंत, आन ते मान धरून माझ्याकडं बघून खुदकन हसलं. तवाच सगळ्या बायकांना कळलं. म्हटलं, गोड हाय, घर भरलंय, आपल्याला काय करायचंय? चार महिने एकीनं तोंड उघडलं न्हाय." केसरने देवूला सरळ आपल्या कडेवर घेतलं. त्याच्या बारीक दंडावरून हात फिरवला, आणि तिचा आवाज चढला. "पन आमच्या भीतीपायी तुम्ही दोघींनी ह्याला उपाशी ठेवलंत, ह्ये आज कळलं!"