अण्णांचा निरोप

"अण्णा, तुमी नुसतं हो म्हना नायतर नाय म्हना," युनियनचा सुदर्शन खाटेशी उकिडवा बसत म्हणाला. "मागितली त्याच्या निम्मी पगारवाढ द्यायला मालक तयार हाय. सांजंपर्यंत सही नाय झाली तर कंपनीच उचलून दुसऱ्या राज्यात नेतो म्हणतोय."

अण्णा म्हणजे कामगारांचे पुढारी साहेबराव. नाव साहेबराव, पण उभा जन्म साहेब लोकांशी भांडण्यात गेला. चिकलठाण्यात कारखान्यापुढं त्यांची गेट मीटिंग असली की आसपासच्या चहाच्या टपऱ्या ओस पडायच्या. यंदाचा संप सुरू झाला आणि अर्धांगवायूनं गाठलं. आता ते मुकुंदवाडीतल्या घरात पडून होते.

उजवं अंग गेलं, वाचा गेली. जिभेवर एकच शब्द तेवढा उरला. जन्मभर जे घोकलं ते कधीकधी असं मागं राहतं, असं डॉक्टर म्हणाले. पाणी हवं असलं तरी तोच शब्द, पाठ दुखली तरी तोच. हे डॉक्टर सोडले तर फक्त त्यांच्या बायकोला, मुक्ताबाईंना ठाऊक होतं. एवढ्या मोठ्या माणसाचं हसं नको म्हणून त्यांनी बाहेर कुणाला कळू दिलं नव्हतं.

साहेबरावांना सांगायचं होतं, घ्या. मिळतंय तेवढं पदरात पाडून घ्या. यंत्रं एकदा इथून हलली की शेकडो घरांच्या चुली विझतील. त्यांनी होता नव्हता तेवढा जीव गोळा केला. मान नुसतीच थरथरली. थांबा म्हणून त्यांनी डावा हात वर केला आणि तोंड उघडलं.

"झिंदाबाद."

 सुदर्शनची मूठ आपोआप वर गेली. साहेबरावांनी कळवळून पुन्हा प्रयत्न केला. "झिंदाबाद. झिंदाबाद." डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. सुदर्शनबरोबर येऊन दाराशी उभ्या राहिलेल्या सांडूनं ते सगळं मोबाइलवर घेतलं आणि गेटवरच्या पोरांना पाठवूनही दिलं.

मुक्ताबाई पिठाच्या हातानं बाहेर आल्या.

"आरं बाबांनो, त्यांला तसं नाय म्हणायचं. त्यांला दुसरं कायी बोलताच येत नाय. पडायच्या आदल्या सांजंला मला म्हणले व्हते, औंदा तडजोड करावी लागंल. जा, सही करा."

 सुदर्शन खाली वाकून त्यांच्या पाया पडला.

"काकू, तुमी आमाला आईच्या जागी. पण पुढाऱ्याच्या घरून माघारीचा निरोप आला तर मानायचा नाय, अशी शपथ अण्णांनीच घातलीय आमाला."

ते दोघं निघून गेले.  खाटेवर साहेबराव अजून तोच एक शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होते.

मागच्या संपात मालकाचा माणूस भारीची साडी घेऊन त्यांच्या दारात आला होता, अण्णांना जरा समजवा म्हणून. त्याला साडीसकट हाकलून दिल्यावर नवऱ्याला ही शपथ सुचवली होती ती मुक्ताबाईंनीच.