शंभर टक्के हजेरी

"पोरगी म्हणते, त्या तिन्ही दुपारी ती शाळेत नव्हती. तुमचा हजेरीपट म्हणतो, होती. कुणाचं खरं धरू, बाई?"

साध्या कपड्यांत आलेल्या फौजदार मॅडमनी हजेरीपट वर्गशिक्षिका संयोगिताबाईंच्या पुढ्यात सरकवला. इयत्ता चौथी. जानेवारीतल्या तीन मंगळवारी संघप्रियाच्या नावापुढं फुल्या होत्या. सकाळची एक तिरकी रेघ, तिच्यावर दुपारची दुसरी. म्हणजे दिवसभर हजर.

त्याच तीन मंगळवारी, खिचडी खाऊन झाल्यावर, शेजारच्या माणसानं तिला कबनूरच्या एका बंद कारखान्यात नेलं होतं. तिथं काय झालं ते तिनं काल आईचा हात धरून मॅडमना सांगितलं. दहा वर्षांची पोर ती, तेवढं सांगायला अर्धा दिवस लागला. आणि उद्या त्या माणसाच्या वकिलाला ते खोटं पाडायला हे एक पान पुरलं असतं.

हेडमास्तर बापूसो सरांनी घसा खाकरला. "लहान हाय हो, मॅडम. वारात गल्लत झाली असंल तिची. आमचा हजेरीपट काय चुकायचा न्हाय." बोलता बोलता त्यांनी बाईंकडं असं बघितलं, की गप्प बसा, नोकरीचा प्रश्न हाय.

बाई खाली बघत होत्या. बावीस वर्षांच्या नोकरीतलं त्यांना आत्ता एवढंच आठवत होतं, की तिसऱ्या मंगळवारी शाळा सुटायच्या जरा आधी पोरगी दप्तर न्यायला आली होती आणि तिचे डोळे सुजले होते. "कुठं गेलतीस गं?" त्यांनी विचारलं होतं खरं, पण उत्तराला थांबल्या नव्हत्या.

"पोरगी खरं बोलतीय, मॅडम," त्या म्हणाल्या. "रेघा मी ओढल्यात."

"का?"

"पहिले दोन मंगळवार तर वर मान करून बघितलंच नाही. जूनपासून एक दिवस चुकली नव्हती, आजच कशी चुकंल, म्हणून ओढली रेघ. तिसऱ्या वेळी मात्र मुद्दाम. सव्वीस जानेवारीला शंभर टक्के हजेरीचं प्रमाणपत्र मिळणार होतं तिला. मला वाटलं, ते हुकलं म्हणूनच रडतीय. म्हटलं, गप बाळ, मांडते मी तुला हजर." बाईंनी त्या तिसऱ्या फुलीवर बोट ठेवलं. "सांगायला तोंड उघडलं होतं हो तिनं. मीच गप्प केलं."

"बाई, अहो, काय बोलताय," म्हणत बापूसो सर उठले आणि परत खाली बसले. मॅडम लिहीत राहिल्या.

दारात संघप्रिया येऊन उभी राहिली होती. तिला आईजवळ, शालनजवळ, व्हरांड्यात बसवलं होतं, पण खिडकी उघडीच राहिलेली. ती आत आली. दप्तरातनं प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेलं प्रमाणपत्र काढून तिनं हजेरीपटाशेजारी ठेवलं. त्यावरचं नाव बाईंनीच लिहिलं होतं, वळणदार अक्षरात.

"हे परत घ्या, बाई," ती म्हणाली. "मग तरी मॅडमस्नी माझं खरं वाटंल न्हवं?"